बाबांसाठी एव्हरेस्ट बेस कॅम्प? आधी सिंहगडाच्या पायथ्याशी बसून बोलू

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी. वडील चार वर्षं डायलिसिसवर होते, गेल्या वर्षी गेले. लहानपणी दर रविवारी ते मला सिंहगडावर न्यायचे. त्यांच्या आठवणीत येत्या ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक करून गरजू डायलिसिस रुग्णांसाठी पाच लाख रुपये उभे करायचे आहेत. भाऊ कॅनडात असतो, त्याचे तिकडचे मित्रही मदत करतील. आईचा मात्र सक्त विरोध आहे. तयारी कुठून सुरू करू?

ताई, आईपासून करा. तुम्ही तिचा विरोध प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिलाय. मी तो सगळ्यात वर घेतोय.

गेली सत्तावीस वर्षं मी लोकांना डोंगरात नेतोय. त्यात अकरा ट्रेक असे होते, जिथे कुणीतरी घरातल्या माणसासाठी पैसे उभे करत होतं. कुणाचा मुलगा थॅलेसेमियाचा, कुणाची बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली, एका आजोबांच्या नातवाला ऐकू येत नव्हतं. या अकराही वेळा घरात एक माणूस ‘नको’ म्हणणारं होतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे ज्यानं आजारपण काढलं तेच. तुमच्या आईनं चार वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास डायलिसिस सेंटरच्या बाहेर बाकड्यावर काढले असणार. आत मशीन चालू, बाहेर ती दाराकडे बघत. आता तुम्ही तिला सांगताय की पंधरा दिवस मी अशा ठिकाणी असेन जिथे फोन लागेलच असं नाही. तिला डोंगराचं काही नाही. तिला पुन्हा त्या बाकड्यावर बसायचं नाहीये. हे तिच्याशी एकदा मोकळेपणानं बोला. बाबांच्या आजाराची गोष्ट लोकांपुढे मांडायची परवानगीही तिच्याकडूनच घ्या, कारण ती गोष्ट जितकी तुमची तितकीच तिची आहे. काही घरांत ‘आमचं दुखणं चव्हाट्यावर कशाला’ ही भावना फार खोल असते, आणि ती चुकीची म्हणता येत नाही.

आता जे कुठलीही ट्रेक कंपनी तुम्हाला सांगणार नाही ते सांगतो. घरच्या माणसासाठी चालणारा ट्रेकर हा माझ्या अनुभवात सगळ्यात धोकादायक ट्रेकर. हौशी माणूस दमला की म्हणतो, सर, बास. हा म्हणत नाही.

बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचेला, म्हणजे ४९४० मीटरवर, एका पहाटे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बरोबर एक तिशीतला मुलगा होता, वडील गेल्यावर त्यांच्या नावानं पैसे जमवून आलेला. हातात वडिलांचं चावीचं एचएमटी घड्याळ. रोज सकाळी चहा यायच्या आधी तो त्याला चावी द्यायचा, अगदी देवपूजेसारखा. त्या दिवशी डायनिंग हॉलमध्ये शेकोटीपाशी बसून तो मनगटावर पट्टा लावत होता आणि पट्ट्याची पिन भोकात जात नव्हती. एकदा, दोनदा, पाचदा. बोटं घड्याळावर, नजर भलतीकडेच. मी विचारलं, डोकं दुखतंय का? म्हणाला, अजिबात नाही. त्याला उभं केलं आणि टाचेला चवडा लावत फरशीच्या रेघेवर चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर गेला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण आहे, आणि तिच्यावर पहिला उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणं. बूट चढवताना तो रडायला लागला. ‘सर, एकशे चाळीस लोकांनी पैसे दिलेत. मी त्यांना काय सांगू?’ रात्री पाच वेळा उलटी झाली होती, ते त्यानं त्यानंतर सांगितलं. खालच्या फेरिचे गावात सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो, तिथपर्यंत त्याला दोघांनी धरून आणला. संध्याकाळी तो घड्याळाला व्यवस्थित चावी देत बसला होता.

एकशे चाळीसपैकी एकानंही पैसे परत मागितले नाहीत.

म्हणून माझी पहिली अट: पैसे मागायच्या आधी, आवाहनाच्या मजकुरातच लिहून टाका की देणगी संस्थेच्या कामासाठी आहे, बेस कॅम्पला पोचण्यावर ती अवलंबून नाही, गाईडनं परत फिर म्हटलं तर मी फिरेन. हे वाक्य देणगीदारांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. पाच हजार मीटरवर डोकं ठणकत असताना माणूस स्वतःशी खोटं बोलतो. तेव्हा खाली घरी बसून शांत डोक्यानं लिहिलेलं वाक्यच कामी येतं. ‘जितकी उंची तितके पैसे’ अशा पैजा तर मुळीच लावू नका. भावाच्या मित्रांना ती कल्पना आवडेल, तरी नको.

दुसरा प्रश्न लोक तोंडावर विचारतील, न विचारणारे मनात विचारतील: ट्रेकला लाखाच्या वर खर्च येतो, तेच पैसे सरळ देऊन का टाकत नाहीस? याला प्रामाणिक उत्तर एकच. ट्रेकचा सगळा खर्च, म्हणजे विमान, परमिट, गाईड, पोर्टर, विमा, बूट, तुमच्या खिशातून. लोकांच्या देणगीतला एक रुपयाही त्यात जाता कामा नये. परदेशात काही संस्था ठरावीक देणगी जमवली की ट्रेकचा खर्च त्यातून भागवतात, तिकडे ते चालतं. आपल्याकडे लोकांना कळलं की आपल्या पैशातून ही काठमांडूला गेली, तर पुढच्या दहा जणांना कुणी दारात उभं करणार नाही. स्वतःचा खर्च झेपत नसेल तर डोंगर जवळचा घ्या. कळसूबाई १६४६ मीटर आहे, बारी गावातून एका दिवसात होतं, आणि ‘महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर’ हे शब्द आवाहनात काही कमी वजनाचे नाहीत.

पैशाला स्वतः हात लावू नका. हे मी शहाणपणानं नाही, हात पोळल्यामुळे सांगतोय. २००९ साली राजगड ते तोरणा असा ट्रेक काढून आम्ही एका मुलाच्या उपचारासाठी पैसे जमवले. सगळे माझ्याच बचत खात्यात. कुणी चेक दिला, कुणी पायथ्याशी पाकीट हातात कोंबलं, कुणी ‘माझे पण धर’ म्हणून नंतर दिलेच नाहीत. शेवटी हिशेबात ११,४०० रुपयांचा मेळ बसेना. मी ते पदरचे घातले आणि गप्प बसलो. तरी वर्षभर कुणी नुसतं ‘काय मग, तो फंड…’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. शिवाय नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायला आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. तेव्हा मला हे ठाऊकही नव्हतं. आता मी फक्त संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड देतो. पैसे देणाऱ्यानं थेट संस्थेला द्यावेत, पावती संस्थेनं द्यावी. आपण मधे नाही.

संस्था निवडताना तिच्याकडे आयकराची ८०जी मान्यता, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, चालू आहे ना ते बघा. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी सगळे अजून ८०जीच म्हणतात. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगा: दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही सवलत मुळातच नाही. मार्चमध्ये फोन येतात, ‘पावती दिलीस पण सीए म्हणतो उपयोग नाही’. ते टळतात.

भावाचं प्रकरण जरा नाजूक आहे. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. त्याचे गोरे मित्र तर परदेशीच. अशा पैशासाठी संस्थेची विदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. ‘मी तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे’ हा मार्ग भावानं सुचवला तर स्वच्छ नाही म्हणा. तुम्ही आणि संस्था दोघेही अडकाल. संस्थेकडे ती नोंदणी नसेल, तर भावाच्या मित्रांनी तिकडच्याच एखाद्या किडनीच्या संस्थेला द्यावे. बाबांचं नाव तिथेही चालेल.

आणि संस्थेला एक नेमका प्रश्न विचारा: सरकारी योजनेत जे बसत नाही त्यातलं तुम्ही काय करता? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण माणूस अडतो तो मशीनच्या आधी आणि नंतर. हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं, येणं-जाणं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, दोघांचं जेवण. आठवड्यातून तीन दिवस ज्याची बायको कामावर जाऊ शकत नाही त्या घराचं काय होतं, हे तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पाच लाख कुठे घालायचे हे तिला विचारा. मी तर म्हणेन तिलाच ठरवू द्या.

आता डोंगर.

जून लागलाय. ऑक्टोबरच्या मध्याला लुक्ला, म्हणजे जिथे विमानातून उतरून चालायला लागायचं ते गाव, गाठायचं तर हाताशी चार महिने आहेत, पुरेसे आहेत. माझा प्रस्ताव असा. एव्हरेस्ट बेस कॅम्प करा, पण आवाहन त्याच्यावर उभं करू नका. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास चाला. बाबा ज्या वारांना जायचे त्याच वारांना. त्यांची सकाळची शिफ्ट असेल तर त्याच वेळेला. बारा गुणिले तीन गुणिले चार, एकशे चव्वेचाळीस तास. डायलिसिस म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला हा हिशेब एका मिनिटात कळतो, कारण चौथ्या आठवड्यात तो म्हणतोच, ‘अगं, एक दिवस सुट्टी घे की!’ तेव्हा त्याला सांगा की बाबांना घेता येत नव्हती. एका देणगीदारानं एका चार तासांची जबाबदारी घ्यायची. डायलिसिसच्या एका वेळेला काय खर्च येतो तो आकडा संस्थेकडून लेखी घ्या आणि तोच मागा. माझ्या अनुभवात ‘पाच लाखांचं उद्दिष्ट’ यापेक्षा ‘एक सकाळ’ याला लोक पटकन हात पुढे करतात. बेस कॅम्प मग त्याचा शेवट होईल. नाही झाला तरी पैसे आधीच पोचलेले असतील, आणि वर परत फिरायला मन तयार राहील.

सरावही यातच होतो. नोकरी सांभाळून आठवड्यात दोन दिवस पर्वती किंवा वेताळ टेकडी, शनिवारी सिंहगड. आतकरवाडीतून सहाशेच्या आसपास मीटर चढ आहे, त्यामुळे दोनदा वर-खाली केलं की चार तास भरतात. पहिला महिना रिकाम्या पाठीनं, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पाच ते सात किलो. वर जाऊन बाटल्या रिकाम्या करू नका, उतरतानाही वजन हवं. गुडघे मोडतात ते उतरताना. लुक्लाला परतताना शेवटच्या दिवसांत बराच उतार आहे, आणि तिथे लोक रडकुंडीला येतात. सप्टेंबरच्या शेवटी कात्रज ते सिंहगड एकदा करा, टेकड्यांमागून टेकड्या, आपला दम कुठे संपतो ते नीट कळतं. पावसात दरडीचा इशारा असेल त्या दिवशी गड नको. सपाटीला चार तास चाला, ते धरायचे. पहाटे अंधारात टेकडीवर एकटीनं जाऊ नका.

पण सिंहगड १३१२ मीटर, बेस कॅम्प ५३६४. आपल्या सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. उलट तंदुरुस्त पुणेकर भरभर चढतो आणि वाटेतल्या नामचे गावातच आडवा होतो. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची, हा साधा नियम. म्हणून नामचेला दोन रात्री आणि त्याच्या पुढे, वरच्या दिंगबोचेला दोन रात्री ज्या कार्यक्रमात नाहीत, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. लुक्लाचं विमान ढगामुळे दोन-दोन दिवस अडकतं, तेव्हा शेवटी मोकळे दिवस ठेवा. विम्यात हेलिकॉप्टरनं खाली आणणं आणि ५५०० मीटरपर्यंतची उंची, दोन्ही लिहिलंय का ते स्वतः वाचा. एजंट ‘सगळं कव्हर आहे मॅडम’ म्हणतो.

नामचेच्या मुक्कामाच्या दिवशी सरावाला वरच्या खुमजुंग गावापर्यंत चढून या. तिथली शाळा एडमंड हिलरी यांनी १९६१ मध्ये उभी केली. १९७५ साली फाफ्लूला त्यांचं हॉस्पिटलचं काम चालू असताना त्यांच्याकडे निघालेली त्यांची बायको आणि धाकटी मुलगी काठमांडूजवळ विमान अपघातात गेल्या. माणूस बरीच वर्षं कोलमडलेला होता, पण त्या दऱ्यांमधलं शाळा-दवाखान्यांचं काम त्यानं सोडलं नाही. त्या शाळेच्या पटांगणात मी प्रत्येक वेळी थोडा वेळ नुसता बसतो.

एक गोष्ट तुमच्या घरासाठी खास. बुकिंगच्या आधी स्वतःचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी), लघवीची तपासणी, साखर आणि रक्तदाब करून घ्या. बाबांचा आजार कशानं झाला होता तेही डॉक्टरांना सांगा, कारण किडनीचे काही आजार घराण्यात चालतात. विरळ हवेचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घेतात, पण किडनीची तक्रार किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि गुडघा दुखला की ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अशा गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाणारे ट्रेकर मी ढिगानं पाहिलेत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला मार देतात. तुमच्या सॅकमध्ये त्या नकोतच. पॅरासिटामॉल ठेवा, आणि तेही डोकेदुखी झाकून वर चढायला नाही.

वर दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी प्यावं लागतं. तुम्हाला ते जड जाईल, सांगून ठेवतो. एका मुलीचे वडीलही असेच डायलिसिसवर होते. दिवसाला मोजून पाणी, घसा सुकला तर बर्फाचा खडा. तिला तेंगबोचेला बाटली तोंडाला लावली की हुंदका यायचा. आम्ही तिच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या आणि दर तासाला एक रेघ, औषध घेतल्यासारखी, तिला प्यायला लावली. तुम्हीही मारा.

बॅनर, टी-शर्ट, बाबांचा फोटो छापलेला फ्लेक्स यात पैसे घालवू नका. फोटो नेलात तर परत आणा. शिखरांवर, गडांवर, कळसूबाईच्या देवळापाशी लॅमिनेट केलेले किती तरी बाबा आणि आया पावसात भिजत पडलेल्या असतात, आणि मग त्या आमच्यासारख्यांना गोणीत भरून खाली आणाव्या लागतात.

राहिलं आईचं. डायलिसिसच्या माणसाच्या घरी एक वही असते. वजन किती, पाणी किती, बीपी किती, आज किती लिटर काढलं. तुमच्याकडेही असणार आणि त्यात अक्षर आईचं असणार. तिला म्हणावं, त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर माझे तास लिही. तारीख, किती वाजता निघाली, किती वाजता आली, त्या दिवशीचे चार तास कुणाच्या नावे. संस्थेकडून येणारी देणगीची यादीही तिच्याकडेच द्या, मेळ तिला घालू द्या. माझे ११,४०० चुकले तसे तिचे चुकायचे नाहीत. आणि नेपाळातून रोज रात्री मुक्कामाला पोचलं की पहिला मेसेज तिला, तोही वहीत भरायच्या भाषेत: गाव, उंची, डोकं दुखतंय की नाही, किती रेघा पाणी. ज्या दिवशी मेसेज जाणार नाही असं वाटतं तो दिवस आधीच सांगून ठेवा.

तपासण्यांचे रिपोर्ट आले की कळवा, मग बुटांचं बोलू. आणि जुलैत आतकरवाडीची वाट शेवाळानं निसरडी असते. पहिल्याच शनिवारी काठी विसरू नका.